भिक्षान्न आणि देहस्वास्थ्य

परब्रह्म परमेश्वर सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीवोद्धरणाचे व्यसन स्वीकारून महाराष्ट्रात जो संचार केला, त्याचा वृत्तांत पंडित म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या भक्तजनांकडून मिळवून लीळाचरित्रात संकलित केला. हा ग्रंथ श्रद्धेने वाचणाऱ्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. कितीतरी लीळांना दिवसाची एक वेळ आहे. उपहुड झाला, पूजावसर झाला, मग विहरण, मादने झाले, आरोगणा झाली, मग पहुड, सायंकाळी व्याळी. हे शब्द ग्रंथात पानोपानी येतात. निरूपणाचा थोर प्रसंग असो की एखाद्या साध्या भक्ताची लहानशी विनवणी, ती विहरणाहून परतताना घडली की आरोगणेनंतर, हे वारंवार नोंदविलेले आढळते. ही नोंद स्मरणासाठी आहे. असंनिधानी असलेल्या भक्ताने स्थान आणि वेळ यांसह लीळा आठवावी, हा तिचा उपयोग. अवताराच्या मायापुराला पथ्यापथ्याची गरज होती, असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे विकल्पाला थारा देणे होय. तथापि रोज त्या लीळांचे स्मरण करणाऱ्याच्या स्वतःच्या दिवसाला मात्र काही घडी नसावी, उठण्याला वेळ नाही, जेवणाला माप नाही, चालणे तर सुटलेच आहे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या नित्य लीळेविषयी पंथात जी श्रद्धा आहे, तीही येथे आठवावी. माहुरी मेरुवाळ्यावर स्नान, कोल्हापुरी भिक्षा, गोदातीरी पांचाळेश्वरी आत्मतीर्थावर भोजन आणि पुन्हा माहुरी देवदेवेश्वरी निद्रा. भिक्षेचे स्थान वेगळे, भोजनाचे वेगळे, आणि दोहोंच्या मध्ये जवळजवळ सगळा महाराष्ट्र! जीवाला हे अनुकरण शक्य नाही. परंतु अन्न मिळणे आणि अन्न मुखी घालणे यांत काही अंतर असावे, हे त्या लीळेच्या स्मरणातून त्याच्या मनावर बिंबले तर ते लाभाचेच आहे.

स्वामींनी अनुसरलेल्यांना जो आचार निरोपिला, त्यात अटन, विजन, भिक्षा आणि भोजन ही अंगे येतात. भोजन हे आचाराचेच अंग आहे, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. साधकाला वाटते की अटन हा धर्म, विजन हा धर्म, भिक्षा हाही धर्म; आणि भोजन म्हणजे देहाची गरज, ती कशीबशी भागवावी किंवा मिळेल तेव्हा मनसोक्त भागवावी. वस्तुतः झोळीत अन्न आल्यानंतर साधकाची खरी परीक्षा सुरू होते. हा आचार आरोग्यासाठी सांगितलेला नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. तो वैराग्यासाठी आहे, स्मरणासाठी आहे, हिंसा आणि विकार टाळण्यासाठी आहे. परंतु वैराग्याच्या वाटेने जो चालतो, त्याच्याबरोबर देहस्वास्थ्यही न बोलावता चालत येते. आणि ती वाट सुटली की वैराग्याबरोबर तेही निघून जाते. आजच्या आश्रमांतून आणि वासनिकांच्या घरांतून जे रोग वाढलेले दिसतात, त्यांचे मूळ पुष्कळ अंशी या सुटलेल्या वाटेत आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो नेहमी चांगल्या साधकाकडूनच येतो. देह नश्वर आहे, तो आज ना उद्या पडणारच. मग त्याचे स्वास्थ्य जपणे ही देहासक्तीच नव्हे काय? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. ज्ञान, भक्ती, वैराग्य यांचा अधिकार मनुष्यदेहातच प्राप्त होतो. अटन पायांनी होते, भिक्षा हातांत झोळी धरून होते, स्मरणाला जागे मन लागते. ज्याने जिभेच्या लोभाने हे साधन लवकर मोडले, त्याने देहाची आसक्ती सोडली असे म्हणता येणार नाही. उलट रसनेच्या आसक्तीपायी त्याने देह दिला. शिवाय तो पडून राहिला म्हणजे त्याची सेवा करणाऱ्या दोघा-तिघांचे स्मरणही खंडित होते. प्रारब्धाने आलेला रोग वेगळा. तो कोणालाही येतो, त्यात दोष नाही, आणि रुग्ण महात्म्याची सेवा करणे हे इतरांचे भाग्यच. ताटातून ओढवून घेतलेल्या रोगाला मात्र प्रारब्धाचे नाव देऊ नये.

भिक्षेची जुनी रीत बारकाईने पाहावी. घर निवडायचे नाही. चारही वर्णांच्या दारी जायचे. एकाच घरी पोटभर घ्यायचे नाही. थोडे येथे, थोडे तेथे. एका घरी ज्वारीची भाकर, दुसऱ्या घरी वरण, तिसऱ्या घरी अंबाडीची भाजी, चौथ्या घरी ताक किंवा कण्या. सगळे एकत्र झाले की कोणत्याही एका पदार्थाची चव उरत नाही, आणि चव उरली नाही की भूक भागताच हात आपोआप थांबतो. रसनाजयाचा याहून सोपा उपाय नाही. आता याच झोळीकडे आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? ज्वारी-बाजरीत लायसिन नावाचे प्रथिनांचे घटकद्रव्य कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. डाळीत जे उणे असते ते धान्यात मिळते. भाकरी आणि वरण एका जेवणात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कोंड्यासकट दळलेल्या धान्यातील तंतूंमुळे पोट साफ राहते आणि रक्तातील साखर सावकाश चढते. निरनिराळ्या घरांच्या निरनिराळ्या पालेभाज्यांतून लोह आणि जीवनसत्त्वे मिळतात. ज्या वृद्ध महात्म्यांनी आयुष्यभर अशी भिक्षा केली, त्यांनी यातला एकही शब्द ऐकलेला नसेल. त्यांना त्याची गरजही नव्हती.

मग बदलले काय? झोळी बदलली. बऱ्याच आश्रमांत आता स्वयंपाकघर आहे, भिक्षा नित्याची न राहता नैमित्तिक झाली आहे, आणि वासनिकांचे प्रेम गोड पदार्थांच्या रूपाने येते. पंचावतार उपहाराचा प्रसंग, यात्रा, संन्यासदीक्षेचा सोहळा, महंतांचे आगमन. प्रत्येक वेळी शिरा, बुंदी, जिलेबी, तळलेल्या पुऱ्या. वासनिक वर्षातून चार वेळा असे जेवतो आणि त्याला वाटते की महात्म्यांनाही आज चार घास गोड मिळावेत. परंतु महात्म्यांच्या वाट्याला असे शंभर वासनिक असतात! एकाचे प्रेम हितकर, शंभरांचे मिळून अपायकारक होते. त्यात अटन गेले. एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाणारा साधक आता मोटारीतून जातो, आणि जी वेळ वाचते ती बहुधा बसण्यातच जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाट्याने चालण्याइतका व्यायाम सांगितला आहे. अटन करणारा साधक एवढे एका दिवसात चालत असे.

भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. हा रोग आता शहरातील श्रीमंतांचा राहिलेला नाही. खेड्यात आहे, आश्रमातही आहे. वयाची पंचावन्न वर्षे ओलांडलेला एक महात्मा कल्पावा. विद्वान आहे, सूत्रपाठ मुखोद्गत आहे, स्वभावाने मृदू. कोणाचे मन मोडू नये म्हणून पुढे आलेला प्रत्येक पेढा तो घेतो. चहा दिवसातून सहा वेळा होतो, कारण येणारे दर्शनार्थी सहा वेळा येतात. पाच-सात वर्षांत तळपायांच्या संवेदना मंदावतात. हे त्याला कळतही नाही, कारण संवेदना जाणे ही गोष्ट जाणवणारी नसते. चैत्रात स्थानवंदनाला तो नेहमीप्रमाणे अनवाणी जातो. तापलेल्या फरशीवर पाय पोळतो, काटा रुततो, आणि सायंकाळी सोबतचा भिक्षुक रक्त पाहून सांगेपर्यंत त्याला पत्ता नसतो. जखम चिघळते. पुढे बोट काढावे लागते, कधी पाऊलही. ज्या पायांनी स्थाने वंदायची ते पाय पेढ्यांना दिले, असे कठोर शब्दांत म्हणावेसे वाटते; परंतु दोष त्या एकट्याचा नाही. देणाऱ्यांनीही विचार केला नव्हता.

म्हणून ज्यांना मधुमेह जडला आहे त्यांनी अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये. रोज निजण्यापूर्वी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, स्वतःला दिसत नसतील तर सोबत्याकडून पाहून घ्याव्यात. स्थानाच्या आत पादत्राण नसणे हे योग्यच. पण तिथवरच्या तापल्या वाटेवर मऊ, बंदिस्त पादत्राण घातल्याने वैराग्याला बाध येत नाही. आणि वैद्याने दिलेली गोळी एखाद्या पाल्याच्या रसावर विसंबून मनाने बंद करू नये. पथ्य औषधाला साहाय्य करते, त्याची जागा घेत नाही.

नित्याच्या अन्नात काय असावे, हे फार गूढ नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी यांची भाकरी, तूर, मूग, मटकी, हरभरा यांपैकी काहीतरी रोज, एक पालेभाजी, मग ती तांदुळजा असो, चाकवत असो, शेपू असो किंवा बांधावरची घोळ, आणि ताक. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून वृद्ध तपस्विनींच्या हाडांसाठी तिची आंबील चांगली. मिठाविषयी मात्र सावध असावे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, यापेक्षा अधिक मीठ नको असे सांगितले जाते. आणि लोणचे, पापड, शेव यांतून ते माप नकळत ओलांडले जाते. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरण्याची जी चाल मोठ्या पंगतींत दिसते, ती काटकसर नव्हे.

चहाबद्दल दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण आश्रमात पाहुणचाराचे तेच एक रूप उरले आहे. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेल्या चहाने अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा होतो. शाकाहारी माणसाला लोह धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतूनच मिळते आणि ते आधीच कष्टाने शोषले जाते. त्यावर चहा पडला की पंडुरोगाला आमंत्रण. त्याऐवजी जेवताना लिंबाची फोड पिळली किंवा आवळा खाल्ला तर तेच लोह अधिक चांगले अंगी लागते. चहा सोडवत नसेल तर जेवणापासून तासभर दूर ठेवावा आणि साखर उतरवीत न्यावी.

दुसरी एक उणीव शाकाहारी साधकांत विशेष आढळते, ती ब-१२ या जीवनसत्त्वाची. ते वनस्पतीत मिळत नाही. अहिंसाव्रत पाळणाऱ्याला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळू शकते. म्हातारपणी ते पचनमार्गात नीट शोषले जात नाही, आणि मधुमेहावर मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी घटते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि पुढे विसरभोळेपणा वाढतो. स्मरण हाच ज्यांचा धर्म त्यांना अशा कारणाने विस्मरण यावे! वयामुळे असे व्हायचेच म्हणून सोडून देण्यापेक्षा एकदा रक्त तपासून घ्यावे. ही उणीव गोळीने किंवा सुईने भरून निघते.

पाण्याविषयी महानुभावांची रीत सर्वांनी घ्यावी अशी आहे. पाणी वस्त्रगाळ करूनच वापरायचे, ही शिस्त जुन्या भिक्षुकांत कडक होती आणि तिचे कारण अहिंसा हेच होते: डोळ्यांना न दिसणारा जीव आपल्या मुखी जाऊ नये. या रीतीला दूरच्या देशातून एक पुष्टी मिळाली आहे. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात पटकीचा उपद्रव फार. तेथील स्त्रियांना जुन्या साडीची निदान चार पदरी घडी करून तिच्यातून तळ्या-नदीचे पाणी गाळायला शिकविण्यात आले. ज्या गावांनी हे केले तेथे पटकीचे रुग्ण सुमारे निम्म्याने कमी झाले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म जलचरांना चिकटून असतात, आणि ते जलचर कापडाच्या घडीत अडकतात. ज्या जिवाला वाचविण्यासाठी पाणी गाळायचे, त्याला वगळल्यानेच गाळणाऱ्याचाही जीव वाचतो! अर्थात कावीळ आणि विषमज्वर यांचे जंतू कापडातून सुटतात, म्हणून यात्रेच्या ठिकाणी पाणी गाळून झाल्यावर ते उकळून अथवा औषध टाकून शुद्ध केलेले असावे.

व्यसनांविषयी उपदेशी जनांना सांगण्याची आवश्यकता नाही असे मानले जाते, आणि मद्यमांसापुरते ते खरे आहे. तंबाखू मात्र कित्येक नामधारकांच्या चंचीत अजून आहे. सुपारीही निरुपद्रवी नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलासुद्धा कर्करोगकारक म्हटले आहे. विडा अवसराच्या प्रसादाचा कण आणि दिवसभर गालात धरलेली सुपारी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे कोणीही मान्य करील.

निद्रेविषयी थोडे. ब्राह्ममुहूर्ती उठून स्मरणाला बसणे ही पंथाची रीत. परंतु रात्री अकरा-बारापर्यंत दूरध्वनीच्या पडद्याकडे पाहत राहून पहाटे चारला उठणारा साधक स्मरणात डुलक्या घेतो, हे कोणापासून लपलेले नाही. पहाटेचा नियम टिकवायचा तर रात्रीचा नियम आधी बांधावा लागतो. सायंकाळचे भोजन लवकर आणि हलके असले तर ते जमते; भरल्या पोटी लवकर झोप येत नाही, आलीच तर ती सुखाची नसते.

रोग जडल्यावर काही वासनिक अंगारा, गंडादोरा, नवससायास यांकडे वळतात. येथे देहाच्या हानीपेक्षा अनन्यभक्तीची हानी मोठी आहे. एका परमेश्वराला शरण गेलेल्याने तापासाठी देवतेच्या दारी जाणे, हे व्यभिचारी भक्तीचे लक्षण. परंतु याचीच दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. देवतेकडे जायचे नाही म्हणून वैद्याकडेही जायचे नाही, असे काही भाबडे लोक समजतात. औषध ही प्रपंचातील वस्तू आहे, जशी भाकरी आहे. तिला भजायचे नसते, घ्यायचे असते.

आणि आरोग्याचा विचार मर्यादेबाहेर गेला तर तोही एक विषयच होतो. झोळीतला घास उचलण्यापूर्वी हा कोणत्या तेलाचा, यात मीठ किती, ही डाळ पित्तकर की वातकर असे प्रश्न विचारणारा साधक रसनेच्या कैदेतून निघून भयाच्या कैदेत शिरला. गोडाची आवड गेली, पण अन्नातच मन गुंतलेले राहिले. चरकसंहितेत पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. एवढे एक माप भिक्षुकाला पुरेसे आहे. बाकीचा विचार देणाऱ्याने करावा, कारण निवड करण्याचा अधिकार भिक्षुकाने सोडलेला आहे आणि तो देणाऱ्याकडे गेलेला आहे. भिक्षेचे हे गूढ वासनिकांनी समजून घेतले पाहिजे. महात्म्यांचे देह कसे राहतील, हे पुष्कळ अंशी त्यांच्या चुलीवर ठरते.

वर कल्पिलेल्या त्या महात्म्याकडे पुन्हा यावे. पाय बरा होऊन तो आश्रमात परतला आहे. गावातील एक वृद्ध वासनिक बाई पितळी डबा पदराखाली झाकून येते, दंडवत घालते आणि डबा पुढे ठेवते. आत पुरणपोळ्या आहेत.

महात्मा क्षणभर गप्प राहतो. मग म्हणतो, "आई, तुमच्या घरी आज सकाळी काय केले होते?"

"घरी? घरी काय बाबा, ज्वारीची भाकर अन् तांदुळजाची भाजी. आमचं रोजचंच."

"मग ते का आणले नाही?"

बाई संकोचते. "असं साधं तुमच्यापुढं कसं ठेवावं, बाबा?"

"झोळीत तेच पडत होते, तेव्हा हे पाय चालत होते," महात्मा म्हणतो आणि पोळीचा एक कण प्रसाद म्हणून जिभेवर ठेवून डबा तिच्याकडे सरकवतो. "उद्या येताना ती भाकर आणा. आणि लिंबाची एक फोड."

बाई डबा उचलते. दुसऱ्या दिवशी ती येते तेव्हा भाकरीबरोबर भाजी, लिंबू आणि तांब्याभर ताकही असते. आणि तिच्या मागून शेजारची सून येते, तिच्याही हातात फडक्यात बांधलेली एक भाकर असते.